रांजणगावची गाडी आणि बनारसचा शालू

वढू बुद्रुक म्हटले की महाराष्ट्राला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. भीमेच्या काठचे हे गाव आणि त्याच्या अवतीभवतीचा शिरूर तालुका गेल्या तीस वर्षांत किती पालटला, हे मात्र बाहेरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. सणसवाडी, शिकरापूर, रांजणगाव या पट्ट्यात ज्वारीच्या शेतांच्या जागी कारखाने आले. आमच्या कापड दुकानात पूर्वी धोतरजोडी आणि नऊवारी मागणारे गिऱ्हाईक येत असे, आता पगाराच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याचा गणवेश घातलेले जोडपे येते. तिजारत करणाऱ्याने हा बदल ओळखला नाही तर त्याचे दुकान गोदाम व्हायला वेळ लागत नाही.

या कारखान्यांपैकी एकाची गाडी आमच्या दारात उभी आहे. त्या गाडीने आम्ही नोव्हेंबर २०२५ मध्ये सहकुटुंब बनारस आणि मऊ गाठले व परत आलो. प्रवास सुमारे ३,२०० किलोमीटरचा झाला. कारण दुहेरी होते. मुलीच्या लग्नाचा शालू घ्यायचा होता, आणि दलालाला मध्ये न घेता विणकराकडून थेट माल आणणे परवडते का, याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा होता. आमच्या व्यापारी बांधवांत या दुसऱ्या प्रश्नाची चर्चा फार चालते. हिशेब मात्र कोणी कागदावर मांडत नाही.

आधी गाडीविषयी. फियाट हे नाव जुन्या पिढीला परके नाही. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्याची फियाट, जिचे नाव १९७४ पासून पद्मिनी झाले, ती ज्याच्या दारात तो मोठा सेठ, अशी आमच्या लहानपणी मालेगावात समजूत होती. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. फियाटचा पुढचा संसार रांजणगावात मांडला गेला. टाटांबरोबर भागीदारी झाली, २००९ मध्ये लिनिया आणि ग्रँड पुंटो आल्या, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच पुंटोचा तिखट अवतार निघाला : अबार्थ पुंटो. अबार्थ ही इटलीत १९४९ मध्ये कार्ल अबार्थ यांनी काढलेली शर्यतीच्या गाड्यांची पेढी. फियाटने ती १९७१ मध्ये घेतली. बोधचिन्ह विंचवाचे, कारण मालकाची रास वृश्चिक. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. दिल्लीतील शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार रुपये. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरा कोणी देत नव्हता.

तरीही गाडी फारशी खपली नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक पहिला प्रश्न सरासरीचा विचारते, दुसरा पुनर्विक्रीचा. २०१९ च्या सुमारास फियाटने भारतातील मोटारींचा व्यवहार आवरला. रांजणगावचा कारखाना मात्र बंद पडला नाही. २०१७ पासून तेथे जीप कंपास बनू लागली होती, टाटांच्या गाड्याही तेथे जुळतात, त्यामुळे आमच्या भागातील मजुरांची चूल विझली नाही. नाव मेले, कारखाना जगला, असा प्रकार झाला. कापडात आम्ही हे पुष्कळ पाहिले आहे. गिरणीचा शिक्का जातो, माग दुसऱ्याच्या नावाने चालू राहतो.

बाजारातून उठलेल्या मालाची किंमत पडते आणि चोखंदळ माणसाला तेथेच सौदा सापडतो. चिरंजीवांनी २०२१ मध्ये अशी एक गाडी पुण्यातून साडेपाच लाखांत उचलली. त्यांच्या अम्मीचे म्हणणे होते की एवढ्या पैशात नवी कोरी गाडी आली असती. त्यावर चिरंजीवांचे उत्तर, “अम्मी, ही आपल्या तालुक्याची लेक आहे.” गाडी वढूपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर जन्मली, हे खरेच आहे.

पुण्याहून बनारसला ज्ञानगंगा एक्स्प्रेस आहे, विमानही आहे. मग रस्त्याने का, असे अनेकांनी विचारले. आमचे उत्तर असे की आगगाडी आपल्याला मुक्कामाला नेते, वाट दाखवत नाही, आणि आम्हाला वाटच पाहायची होती. मालेगाव, भिवंडी, कामठी, बुऱ्हाणपूर येथील मोमीन विणकरांच्या कितीतरी घराण्यांचे मूळ मऊ, आझमगड, बनारस या मुलखात आहे. १८५७ च्या गदरनंतर आणि पाठोपाठच्या दुष्काळात ही मंडळी बैलगाडीने, पायी, पोराबाळांसह दक्षिणेकडे उतरली. बरोबर काय होते, तर हातातला हुन्नर. आमचे पणजोबाही त्यांतलेच. त्या वाटेने उलट दिशेला आमच्या घरातील कोणी मोटारीने गेले नव्हते.

पहिल्या दिवशी पहाटे निघून अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर करीत आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आणि टोल किलोमीटरला २ रुपये ६ पैसे. अबार्थसारखी गाडी अशा रस्त्यावर आली की चालकाची परीक्षा सुरू होते. १२० च्या वेगात या इंजिनाला दम लागत नाही, उलट ते आणखी मागत राहते. आम्ही घरून निघतानाच अट घातली होती की काटा १०० वर आणि दर दोन तासांनी उतरायचे. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसे जळून गेली. त्या परिसरातून जाताना गाडीत कोणी बोलले नाही. सरळ, सपाट, एकसुरी सिमेंटचा रस्ता डोळ्यावर झापड आणतो आणि तापलेले सिमेंट टायर खाते. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजून भरावी, जुने टायर घेऊन या रस्त्यावर जाऊच नये. ताकदवान गाडीचा खरा उपयोग वेगात नाही. मालमोटारीला ओलांडताना जो क्षण धोक्याचा असतो तो ती अर्ध्यावर आणते.

रात्री कामठीला मुक्काम केला. छावणीचे हे गाव मोमिनांच्या जुन्या मोहल्ल्यांमुळे आम्हाला घरच्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी शिवनी, लखनादौन, जबलपूर, कटनी, मैहर असे करीत रीवा. पेंचच्या जंगलात जनावरांना जाण्यासाठी महामार्गच खांबांवर उचलला आहे, ते काम पाहण्यासारखे आहे. रीव्याच्या अलीकडे एका तुटलेल्या कडेवर टायरची बाजू चिरली. १९५/५५ आर १६ हे माप लहान गावात मिळत नाही. शहरात शोधून आणेपर्यंत दुपार गेली आणि ७,४०० रुपये गेले. ज्यांना अशी गाडी घेऊन लांब जायचे आहे त्यांनी हे माप आधी फोन करून विचारून ठेवावे. दुसरी अडचण उंचीची. गाडीचा तळ जमिनीपासून अवघा १५५ मिलिमीटर, त्यातून चार माणसे आणि सामान. गावोगावचे गतिरोधक सरकारी मापाचे नसतात, गावकऱ्यांच्या रागाच्या मापाचे असतात. तेथे दोघांनी उतरायचे, गाडी तिरकी घालायची. लेकीने त्याला ‘सवारी उतरो’ असे नाव ठेवले.

स्प्रिंगा कडक असल्याने पाठीमागे बसणाऱ्याची पाठ बोलते, हेही सांगितले पाहिजे. आमच्या घरच्यांनी दोन गोधड्या घेतल्या होत्या, त्या कामी आल्या. रीव्याहून मिर्झापूरकडे जाताना ड्रमंडगंजची घाटी लागते. ती उतरताना मात्र हीच कडक बांधणी आणि चारही चाकांचे डिस्क ब्रेक यांची किंमत कळली. तेथे अवजड गाड्यांचे अपघात नेहमीचे आहेत. आमच्या पुढे एक ट्रक उलटलेला होता, चालक सुदैवाने बाहेर बसून चहा पीत होता.

बनारसमध्ये मदनपुरा आणि पीली कोठी येथे आम्ही तीन दिवस फिरलो. बनारसी जरीकाम आणि साड्यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने नक्कल थांबत नाही. जी नक्षी हातमागावर कढुआ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक बुट्टा वेगळा भरून, काढायला कित्येक आठवडे लागतात, तीच वरवर पाहता सुरतेच्या यंत्रमागावर एका दिवसात निघते. ओळखायची खूण मागच्या बाजूला असते. कढुआत बुट्ट्यामागे मोकळे धागे लोंबत नाहीत. फेकुआत धागा काठापासून काठापर्यंत जातो आणि मग कापला जातो, त्याची कात्रण दिसते. आमच्या पुण्याच्या बाजारात ‘शुद्ध बनारसी’ म्हणून जे विकले जाते त्यातले किती या कसोटीला उतरेल, हे व्यापाऱ्याने स्वतःला विचारावे.

येथील व्यवस्था अशी की वर गद्दीदार, मध्ये गिरस्ता, खाली कारीगर. गिरस्ता रेशीम आणि नक्षी देतो, कारीगर मजुरीने विणतो, गद्दीदार माल घेतो आणि पुढच्या तारखेचा कागद देतो. एका वयस्क गिरस्त्याच्या घरी आठ मागांची जागा होती, चालू तीन. त्यांची मुले कोठे, असे विचारले तर म्हणाले, “एक सुरतेला, एक बंगळुरूला. दोघेही माग चालवतात, पण विजेचा.” २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात हातमागाशी जोडलेले ३५ लाख २२ हजार कामगार मोजले गेले. आकडा मोठा दिसतो, पण त्या घरात रिकामे पाच खड्डे पाहिल्यावर त्याचा मोठेपणा वाटेनासा होतो.

शालू तेथेच ठरला. लाल कतान, जुन्या वळणाचा जंगला. लेकीने तो उलटा करून मागची बाजू तपासली, तेव्हा चाचा हसून म्हणाले, “ही सेठांची मुलगी शोभते.” दुकानासाठी सोळा साड्या घेतल्या. पुण्यात दलालामार्फत जी साडी आम्हाला १८,२०० ला पडते ती येथे १४,००० ला पडली. आम्ही घासाघीस केली नाही, पण रोख आणि पक्के बिल अशी बोली केली. साडी शिवलेली नसल्याने ती कापडातच धरली जाते आणि किंमत काहीही असली तरी जीएसटी ५ टक्के लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच हजारांवरील तयार कपड्यांचा कर १८ टक्के झाला, त्यात साडी येत नाही. माल ५० हजारांच्या वर असल्याने ई-वे बिल काढले आणि त्यावर आमच्या गाडीचा क्रमांक घातला. खासगी गाडीत चार साड्यांमागे कोण विचारतो, असे म्हणणारे भेटतात. त्यांना दोन राज्यांच्या सीमेवर रात्री थांबवले की मग कळते.

मऊला एक दिवस गेलो. गल्लीगल्लीतून यंत्रमागाचा तोच खडखडाट, जो मालेगावात आम्ही झोपेतही ऐकला. पणजोबांचे घर सापडले नाही, सापडणारही नव्हते. एका मशिदीबाहेर बसलेल्या बुजुर्गांना आम्ही मालेगावचे म्हणताच त्यांनी विचारले, “तिकडे मंदी कशी आहे?” दीडशे वर्षांनी भेटलेल्या बिरादरीचा हा पहिला प्रश्न होता.

आता खर्चाचा कागद. पेट्रोल २४६ लिटर, म्हणजे लिटरला १३ किलोमीटर, सरासरी शंभराच्या भावाने २४,६०० रुपये. उत्तर प्रदेशात पेट्रोल मध्य प्रदेशापेक्षा दहा-बारा रुपयांनी स्वस्त, म्हणून परतताना ४५ लिटरची टाकी तेथेच काठोकाठ भरली. पूर्वी ही गाडी १४ देत असे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून फरक पडला. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही अशा जुन्या मोटारींची सरासरी ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार. समृद्धीचा टोल जाऊन-येऊन १,८००. राष्ट्रीय महामार्गांसाठी ऑगस्ट २०२५ पासून मिळणारा वार्षिक पास ३,०००. तो समृद्धीवर चालत नाही हे ध्यानात ठेवावे. सात रात्रींचा मुक्काम २१,०००, जेवणखाण ९,०००. एकूण ५९,४००, आणि टायर धरून ६६,८००. सोळा साड्यांवर वाचले ६७,२००. म्हणजे उरले ४०० रुपये.

चिरंजीव म्हणाले, “अब्बा, चारशे रुपयांसाठी बत्तीसशे किलोमीटर?” आम्ही म्हणालो, कुटुंबाची सफर फुकटात झाली असे लिही. दर महिन्याला अशी खेप करणे परवडणार नाही, हे उघड आहे. पण दलाल १८,२०० मध्ये काय काय घालतो हे आता आम्हाला ठाऊक आहे, आणि तो ज्याचा माल आणतो त्याचा दरवाजाही. आमच्या जुन्या दलालाला आम्ही परतल्यावर आकडे दाखवले. त्यांनी त्याच दिवशी साडीमागे हजार रुपये कमी केले.

गाडीचे तेल आणि टायमिंग बेल्ट बदलून घेतला आहे. सुटे भाग पुण्यात अजून मिळतात, पण पहिल्यासारखे दुसऱ्या दिवशी नाही. लेकीचे लग्न रमजान ईदनंतर आहे. गिरस्त्याकडे आणखी दहा साड्यांची मागणी नोंदवली, निम्मे पैसे आगाऊ पाठवले, म्हणजे त्याला चौथा माग लावता येईल. तो माल ट्रान्सपोर्टने येईल.