साडेसव्वीस तासांची वाटी

लग्नघरात पूर्वी घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. चोवीस मिनिटांत ती भरून बुडाली की एक घटका झाली. वाटी उचलायची, रिकामी करायची, पुन्हा पाण्यावर सोडायची. आतापर्यंत किती घटका भरल्या हे मात्र वाटीला ठाऊक नसतं. ते लक्षात ठेवायला शेजारी माणूस बसवावा लागे.

इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणातही अशी एक वाटी आहे. ती भरायला 26 तास, 30 मिनिटं आणि जवळपास 44 सेकंद लागतात. तिच्या शेजारी बसून मोजदाद ठेवणाऱ्या प्रोग्रामचं नाव एचएलएस डॉट जेएस. कोणीही वाचावा, वापरावा, दुरुस्त करावा असा हा मुक्तस्रोत कोड वेबसाइटवरच्या व्हिडिओ प्लेअरला प्लगइनसारखा जोडला जातो. प्रेक्षकाला तो कधीच दिसत नाही. पडद्यावर चाक गरगरत राहिलं की प्रेक्षक इंटरनेटला बोल लावतो, आणि चाक फिरलंच नाही तर कोणामुळे, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. अॅपलने 2009 मध्ये एचएलएस ही पद्धत आणली. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, त्यांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायची आणि प्लेअरने ती वाचून एकेक तुकडा एखाद्या वेबपानासारखा मागवायचा. आयफोन आणि सफारीला ही भाषा उपजत येत होती. डेस्कटॉपवरच्या क्रोम-फायरफॉक्सला ती अनेक वर्षं येत नव्हती. तिथे फ्लॅशचा आधार घ्यावा लागे. गियोम द्यु पोंताविस या प्रोग्रामरने त्यासाठी फ्लॅशएलएस नावाचं मुक्तस्रोत प्लगइन लिहिलं होतं. फ्लॅशची सद्दी संपत आली तेव्हा, 2015 मध्ये, पॅरिसच्या डेलीमोशन कंपनीच्या छत्राखाली त्यानेच ते काम निव्वळ जावास्क्रिप्टमध्ये करणारं एचएलएस डॉट जेएस उभं केलं. परवान्याच्या फाइलीत आजही नोंद आहे, की एमपी4चा साचा बनवणारा भाग ब्राइटकोव्हच्या व्हिडिओ डॉट जेएससाठीच्या कोडवरून घेतला आहे. ज्याच्याशी चढाओढ, त्याच्याकडूनच उसनं घ्यायचं आणि ते उघडपणे लिहून ठेवायचं, ही या जगातली फार सुंदर रीत आहे.

मूळ काम ऐकायला सोपं वाटतं. सर्व्हरवरून येणारा व्हिडिओ बऱ्याचदा एमपीईजी-टीएस या टीव्ही प्रक्षेपणासाठी घडवलेल्या बांधणीत असतो: 188 बाइटांच्या छोट्या-छोट्या पुड्या, प्रत्येकीच्या तोंडाशी एकच ठरावीक खूण. ब्राउझरला मात्र माल एमपी4च्या डब्यात हवा असतो. मग प्लगइन पुड्या सोडतं, चित्र आणि आवाज वेगळे करतं आणि नव्या डब्यांत भरतं. चित्राच्या एका ठिपक्यालाही हात लागत नाही, बदलतं ते फक्त बांधणीचं कापड. सगळी मेख आहे ती डब्यावर वेळेची चिठ्ठी चिकटवण्यात.

टीएसमधलं घड्याळ सेकंदाला 90,000 ठोके देतं. हा आकडा हिशेबी माणसाने निवडलेला आहे. सेकंदाला 24 चित्रं असली तर एका चित्राला 3,750 ठोके, 25 असली तर 3,600, 30 असली तर 3,000. कुठेही अपूर्णांक उरत नाही. पण ठोक्यांची मोजणी लिहायला जागा आहे 33 बिटांची. आकडा 8,58,99,34,592 ठोक्यांवर पोचला की वाटी बुडते आणि गणती शून्यावर येते. दोन तासांच्या चित्रपटाला याची झळ सहसा लागत नाही. अहोरात्र चालणाऱ्या बातम्यांच्या वाहिनीला किंवा मंदिरातल्या थेट दर्शनाला ती लागतेच. आणि सुरुवातीचा आकडा शून्यच असला पाहिजे असं बंधन नसल्याने, प्रक्षेपण सुरू होऊन दहा मिनिटं झालेली असतानाही वाटी बुडू शकते.

जावास्क्रिप्टची स्वतःची अडचण यात भर घालते. त्या भाषेत बिटांची सरकासरक 32 बिटांतच होते आणि इथे हवेत 33. एका बिटासाठी नेहमीची वाट बंद! म्हणून कोडमध्ये बिट सरकवण्याऐवजी चक्क गुणाकार केलेला आहे: पहिल्या बाइटमधले बिट गुणिले 53,68,70,912, पुढचा बाइट गुणिले 41,94,304, आणि असंच खाली उतरत. शेजारी कारणाची टिपणी आहे. पुढे येणाऱ्या एखाद्या हौशी दुरुस्तीकाराने हे ‘नीटनेटकं’ करायला जाऊ नये म्हणून ती फार मोलाची.

मोजदाद ठेवणारं फंक्शन जेमतेम दहा-पंधरा ओळींचं आहे. नवी वेळ हाती आली की ते तिला आधीच्या एका आधारवेळेशी ताडून पाहतं. दोघींतलं अंतर अर्ध्या फेऱ्याहून, म्हणजे 4,29,49,67,296 ठोक्यांहून जास्त भरलं, तर मधे वाटी बुडाली असं समजून पूर्ण फेरा मिळवतं किंवा वजा करतं. घंगाळाशेजारचा माणूस तरी दुसरं काय करत होता?

तरीही एवढ्याने भागत नाही. आधुनिक व्हिडिओत काही चित्रं पुढच्या चित्रांच्या आधाराने रचलेली असतात, त्यामुळे ती उलगडण्याचा क्रम वेगळा आणि दाखवण्याचा वेगळा. वाटी नेमकी एखाद्या तुकड्याच्या मधोमध बुडाली, तर त्याच तुकड्यात काही चित्रांवर प्रचंड आकडे असतात आणि काहींवर अगदी छोटे. ‘सर्वांत लहान आकडा तो आरंभ’ असा सरळ विचार तिथे साफ फसतो. त्यासाठी कोडमध्ये वेगळी तपासणी घातलेली आहे. लाखातून एकदा येणाऱ्या त्या क्षणासाठी कोणीतरी एवढं जागं राहिलं, याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

आवाजाची कथा आणखी नाजूक. एएसी आवाजाच्या एका फ्रेममध्ये 1,024 नमुने असतात. सेकंदाला 48,000 नमुने घेतले तर एका फ्रेमचे बरोबर 1,920 ठोके होतात. 44,100 घेतले, तर सुमारे 2,089.8. तो अपूर्णांक कुठेतरी पूर्ण करावा लागतो आणि कण-कण साठत जातो. आवाज ओठांच्या मागे पडू नये म्हणून प्लगइन प्रत्येक फ्रेम जिथे यायला हवी तिथेच आली का, हे पाहतं. एका फ्रेमहून जास्त सरकली तर उपाय करतं: एकावर एक आलेल्या फ्रेम काढून टाकतं, आणि मधे खळगा पडला असेल तर मुक्या फ्रेम भरतं. एका, दोन किंवा त्याहून अधिक ध्वनिवाहिन्यांच्या आवाजांसाठी शांततेचे तयार बाइट कोडमध्ये लिहूनच ठेवलेले आहेत.

एवढं करूनही चित्र थबकलं, तर शेवटचा उपाय कोपराने ढोसण्याचा. पुढचा माल बफरमध्ये हजर आहे आणि ब्राउझर तरी अडून बसला आहे, असं दिसलं की प्लगइन त्याला दशांश सेकंदाच्या मापाने पुढे ढकलतं. मोजके प्रयत्न फसले की हार मानून प्लेअरला तसं कळवतं.

हा कोड वाचताना लक्षात येतं, की त्यातली बरीच कलमं चुकीच्या प्रक्षेपणांची आठवण आहेत. एके ठिकाणी अट आहे: चित्र उलगडण्याची वेळ आणि दाखवण्याची वेळ यांत साठ सेकंदांहून अधिक अंतर आढळलं, तर इशारा नोंदवून दोन्ही वेळा जुळवून घ्या. प्रक्षेपणासाठी व्हिडिओ तयार करणाऱ्या कोणत्याही शहाण्या एन्कोडरने असे आकडे देऊ नयेत. कोणीतरी दिले असणार. एचएलएसचा प्रमाणग्रंथ आहे, 2017चा आरएफसी 8216. पण प्रेक्षक प्रमाणग्रंथ पाहत नाही. व्हिडिओ एका ब्राउझरात चालतो आणि दुसऱ्यात अडतो, एवढंच त्याला दिसतं आणि दोष प्लगइनच्या माथी येतो.

कोड सांभाळणाऱ्यांची खरी काळजी इथून सुरू होते. एका बिघडलेल्या प्रक्षेपणासाठी सैल केलेली अट दुसऱ्या निरोगी प्रक्षेपणाला पाडू शकते. सेटिंगचे मूळ आकडेसुद्धा हलके हाती बदलता येत नाहीत. वरच्या दर्जाच्या चित्राकडे जाताना मोजलेल्या वेगापैकी 70 टक्क्यांवरच विश्वास ठेवायचा, आहे तो दर्जा राखताना 95 टक्क्यांवर, हा मूळचा सावधपणा आहे. त्यात किंचित फेरफार केला तरी कुठल्यातरी गावातल्या अशक्त जोडणीवरचं चित्र हेलकावे खाऊ लागेल.

शिवाय पायाखालची जमीन सरकत असते. 2021च्या 1.0 आवृत्तीत कमी विलंबाच्या एचएलएसची सोय आली. तिथे यादी तुकड्याच्याही तुकड्यांची असते आणि चुकायला वेळच उरत नाही. आयफोनवर तर जावास्क्रिप्टच्या हाती डबे भरण्याची सोयच नव्हती. 2023 मध्ये आयओएस 17.1 बरोबर ती आली, पण स्वतःच्या अटींवर: माल कधी मागवायचा आणि कधी थांबायचं हे ब्राउझर सांगणार, आणि स्मृती कमी पडली तर भरलेला बफर परतही घेणार. प्लगइनने आजवर गृहीत धरलं होतं, की ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडेल. ते गृहीतक आता प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं.

आणि सर्वांत अवघड तक्रार नेहमी एकाच सुराची: काल रात्री थेट सामना अर्ध्यात अडकला. कोणत्या सेकंदाला, कोणत्या तुकड्यावर, घड्याळाचा आकडा काय होता? उत्तरासाठी ते तुकडे हवेत. बऱ्याचदा ते लॉगिनच्या कुंपणाआड असतात, तक्रारदाराला देण्याची मुभा नसते. थेट प्रक्षेपणात यादी पुढे सरकत जाते, मागचे तुकडे सर्व्हरवरून पुसले जातात. सांभाळणारा नमुना मागतो आणि तक्रार उघडी ठेवतो. तोवर प्रक्षेपण संपलेलं असतं.