नोंदवहीला कुलूप कोण लावणार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या हिला झोप येईना, म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांपुरत्या अल्प्राझोलामच्या गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक नोंदवही माझ्यासमोर उघडली आणि हिचे नाव लिहू लागला. माझी नजर सहज वरच्या ओळीवर गेली. नाव ओळखीतल्या एका मुलीचे आणि पुढे रिफाम्पिसिन! म्हणजे क्षय. पुरते औषध घेतले की बरा होणारा आजार. पण तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. मी मान फिरवली. तरी वाचले ते वाचलेच! आता हिची ओळ पुढचे गिऱ्हाईक वाचणार, हे मनात आले आणि मी चपापलो.

नोंद करण्यात दुकानदाराची चूक नव्हती. क्षयाची औषधे, झोपेच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स यांचा वाटेल तसा वापर होऊ नये, म्हणून 'एच-१' परिशिष्टाचा नियम २०१४ पासून लागू झाला. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि प्रमाण लिहायचे. वही तीन वर्षे जपायची. तपासणी अधिकाऱ्याने ती पाहावी हे ठीक. पण शेजाऱ्याने?

हाच प्रश्न अमेरिकेत पूर्वी कोर्टात गेला होता. न्यूयॉर्क राज्याने १९७२ साली कायदा केला, की व्यसन लावणाऱ्या काही औषधांची चिठ्ठी तीन प्रतींत लिहायची. एक डॉक्टरकडे, एक दुकानदाराकडे, तिसरी ऑल्बनीच्या आरोग्य खात्याकडे. तेथे रोग्याचे नाव कॉम्प्युटरमध्ये जाई. आपल्यावर व्यसनीपणाचा शिक्का बसेल, या धास्तीने रोगी आणि डॉक्टर यांनी दाद मागितली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. पण त्यातला बंदोबस्त पाहून. चिठ्ठ्या घेण्याच्या खोलीला तारेचे कुलूपबंद कुंपण, धोक्याची घंटा. पाच वर्षांनी चिठ्ठ्या नष्ट करायच्या. नाव फोडणे हा गुन्हा.

आपल्याकडेही २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचवायचा कोणी? तुम्हीआम्हीच!

दुसऱ्या खेपेला मी दुकानदाराला हळूच म्हटले, "वरच्या ओळी तेवढ्या झाका हो." तो ओशाळला. आता वहीवर एक पुठ्ठा असतो. साधा पुठ्ठा, पण कुलपाचे काम करतो.

त्या मुलीचे नाव मात्र मी अजून हिलाही सांगितलेले नाही.