टिकण्यापेक्षा तापल्यावरची पकड पाहा
पिंपरीत बनलेल्या, १९९८ साली आलेल्या इंडिका कारला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. म्हणजे पॅड आणि शू दोन्ही बदलणं आलंच. ते निवडताना ‘जास्त टिकेल तो चांगला’ हा गॅरेजमधला हिशेब फसवा ठरतो. बऱ्याच पॅडांवर घर्षणाची दोन अक्षरं छापलेली असतात: पहिलं साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५. खंडाळ्याचा घाट उतरताना ‘एफई’पेक्षा ‘एफएफ’ भरवशाचा. मग थेट त्याहून जास्त घर्षणाचा ‘जी’च का नको? कारण पुढच्या-मागच्या चाकांतला ब्रेकचा समतोल बिघडू शकतो. या अक्षरांवरून झीज कळत नाही, हा आक्षेप रास्त. पण झिजलेला पॅड निदान डोळ्यांना दिसतो. बदलताना मात्र एका अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला.