पूर्वजांचा शोध: न सुटणारा नाद

घराण्याचा शोध घेणारा माणूस त्यात बुडतोच, आणि मीही बुडालोय. याचं कारण साध्या गणितात आहे. आईवडील २, आजीआजोबा ४, त्यांचे आईवडील ८. दहा पिढ्या मागे गेलात की १०२४! एक नाव सापडलं की दोन नवी शोधायची. मग त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, छापील कुलवृत्तान्त, जुन्या कागदांसाठी मोडी लिपी. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागद आहेत. पण कुलवृत्तान्त चालतो बापाच्या वंशाने. आजीच्या माहेरचा धागा तिथे तुटतो. तो असतो म्हाताऱ्या आत्याच्या आठवणीत. म्हणून माझं सांगणं एवढंच: दप्तरं थांबतील, आत्या थांबणार नाही. आधी तिच्याकडे जा.