नंदुरबार जिल्ह्यातील खासगी गुंतवणुकीपुढील अडथळे

महाराष्ट्राच्या वायव्य टोकावरील नंदुरबार जिल्ह्यात खासगी उद्योगांचा विस्तार मर्यादित राहिला आहे. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत २०१८ पासून त्याचा समावेश आहे.

विकसनशील देशांतील गुंतवणुकीची चर्चा बहुधा परवाने, कर आणि न्यायालयीन विलंब यांभोवती फिरते. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या २०२० च्या क्रमवारीत भारत ६३ वा होता; परंतु त्यासाठीची माहिती दिल्ली व मुंबई या दोनच शहरांतून घेतलेली होती. कळसाडीसारख्या गावातील उद्योजकाचे प्रश्न तीत उमटणे शक्य नव्हते.

जमीन आणि तारण

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६-अ यांमुळे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित करण्यावर निर्बंध आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच, विक्रीसाठी राज्य शासनाची पूर्वमान्यताही घ्यावी लागते. कारखान्यासाठी सलग जागा शोधणाऱ्याला ही प्रक्रिया जाचक वाटते. तथापि तिला केवळ लालफीत म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कर्जापोटी सावकार व सधन शेतकऱ्यांच्या हाती गेलेल्या जमिनी परत मिळविण्यासाठी शहादा परिसरात १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी लढा उभारला होता. कलम ३६-अ संहितेत आले ते १९७४ मध्ये.

या संरक्षणाची किंमत आदिवासी उद्योजकालाही मोजावी लागते. त्याच्या जमिनीचे संभाव्य खरेदीदार मोजके असल्याने तारण म्हणून तिचे मूल्य कमी धरले जाते. शेतीकर्जापलीकडे, गिरणी किंवा शीतगृहासाठी मोठे भांडवल उभे करणे त्यामुळे कठीण होते.

मिरची आणि प्रक्रिया

नंदुरबारची मिरची बाजारपेठ राज्यात प्रसिद्ध आहे. तरीही ओली लाल मिरची मोठ्या प्रमाणात उघड्या पथारींवर पसरून वाळविली जाते आणि अवकाळी पावसात भिजून तिची प्रत घसरते. यांत्रिक वाळवणीसाठी भांडवल व माफक दरातील वीज लागते. हंगाम मात्र काही महिन्यांचाच असल्याने उरलेल्या काळात यंत्रे पडून राहतात. त्यामुळे सुविधा नसल्याने नुकसान, आणि नुकसानीच्या भीतीने सुविधा नाही, असे चक्र तयार होते.

सीमेचा परिणाम

गुजरात सीमेवरील नवापूरला रेल्वे व महामार्ग दोन्ही लाभले असून सुरतच्या वस्त्रोद्योगाचा ओघ तेथील औद्योगिक वसाहतीकडे वळला आहे. महाराष्ट्रातील औद्योगिक वीजदर ही जुनी तक्रार होती. उत्तर महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाड्यातील उद्योगांसाठी २०१६ मध्ये वीजदर सवलत जाहीर झाली. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांना मात्र रेल्वे नाही. तेथील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात.