कवळी बसली, तपासणी थांबली

20 मार्चच्या जागतिक मौखिक आरोग्य दिनाला यंदाही दातांची कीड आणि ब्रश करायची पद्धत यांवर भरपूर बोलले गेले. ज्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, त्यांचा विषय मात्र राहून गेला. दातच नाहीत तर दातांच्या डॉक्टरकडे कशाला जायचे, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण कवळी ज्या हाडावर टेकते ते जिवंत असते आणि दात गेल्यावर झिजत राहते. दंतसंशोधक अँट्ये टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा 25 वर्षे मागोवा घेऊन 1972मध्ये दाखवून दिले, की खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट होते. जबडा असा बदलत जातो, कवळी तीच राहते. मग चिकटवायची पेस्ट वाढते, पोळी दुधात कुस्करली जाते, शेंगदाणे आणि काकडी ताटातून जातात. घरचे म्हणतात, वयच झाले. खरे तर वेळीच दाखवले तर कवळीला आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट बसवता येते.

‘पण काही दुखत नाही ना!’ हा आक्षेप मला सर्वांत धोक्याचा वाटतो. कवळीखाली टाळूवर कॅन्डिडा बुरशीने येणारी लाली बहुधा दुखत नाही. तोंडाचा कर्करोगही सुरुवातीला अनेकदा दुखत नाही, आणि भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. आपल्याकडे दात गेले तरी तंबाखू आणि मिश्री सुटतेच असे नाही. अशा तोंडातला पांढरा चट्टा किंवा व्रण ‘कवळी लागली असेल’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. दोन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम डॉक्टरांनी पाहायलाच हवी.

राहिला खर्चाचा आणि हेलपाट्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. तरी या तपासणीला उजेड, छोटा आरसा आणि डॉक्टरांची बोटे एवढे बहुतेक वेळा पुरते. 2017पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना कवळीही मोफत मिळते. तिच्याबरोबर पुढच्या तपासणीची तारीखही हातात पडली पाहिजे. आणि घरात कोणी कवळी लावत असेल, तर वर्षातून एकदा तरी त्यांना कवळीसकट दवाखान्यात घेऊन जा.