तरुण माजी सैनिक आणि त्यांच्या संघटना

१९१९ च्या मार्चमध्ये पॅरिस येथे जमलेल्या अमेरिकन सैनिकांनी जिचा पाया घातला आणि जिला त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसची सनद मिळाली, त्या ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्याच धुरीणांनी १९४४ च्या ‘जी. आय. बिला’चा मूळ मसुदा सिद्ध केला व लक्षावधी सैनिकांना उच्च शिक्षणाची द्वारे खुली केली. असे असता इराक-अफगाणिस्तानातून परतलेले अनेक तरुण अशा संस्थांना केवळ वृद्धांचे विरंगुळ्याचे स्थान समजून दूर राहतात, ही हळहळण्याजोगी गोष्ट होय. अर्थात, जुन्या संघटनांत आपणांस थारा नाही असे वाटल्यामुळेच व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांना १९७८ मध्ये स्वतंत्र संघटना काढावी लागली, हे ज्येष्ठांनीही विसरू नये. तरीही या संघटनांचा तरुणांना प्रत्यक्ष उपयोग आहे: संघटनेचा अधिकृत प्रतिनिधी ‘डीडी २१४’ हा सेवामुक्तीचा दाखला समोर ठेवून, वैद्यकीय कागदपत्रे जोडून, अपंगत्व-भरपाईचा अर्ज विनामूल्य तयार करून देतो. सभासदत्वाची अटही बहुधा नसते. परंतु कायदे बदलतात ते सभासदांच्या संख्याबळावर. लष्करी तळांवर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांतील विषारी धुराने आजारी पडलेल्यांना हक्क देणारा २०२२ चा ‘पॅक्ट’ कायदा याच संघटनांच्या चिकाटीने संमत झाला, आणि त्याच्या लाभार्थ्यांत हे तरुणही आहेत.